फोनवर पोहोचलेला डॉक्टर, न पोहोचलेली गोळी : अफूजन्य व्यसनांवरील दूरस्थ उपचारांचा भारतीय इतिहास

२५ मार्च २०२० ही तारीख देशाच्या स्मरणात टाळेबंदीचा पहिला दिवस म्हणून राहिली आहे. त्याच तारखेचा एक सरकारी दस्तऐवज वैद्यकाच्या इतिहासात मात्र वेगळ्या कारणाने नोंदवावा लागेल. भारतीय वैद्यक परिषदेच्या जागी नेमलेल्या प्रशासक मंडळाने नीती आयोगाच्या सहकार्याने तयार केलेली टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे त्या दिवशी प्रसिद्ध झाली. नोंदणीकृत डॉक्टरने रुग्णाला प्रत्यक्ष समोर न पाहता फोनवरून, व्हिडिओवरून किंवा लेखी संदेशातून सल्ला द्यावा आणि औषध लिहून द्यावे, या व्यवहाराला देशात प्रथमच स्पष्ट नियमांची चौकट मिळाली.

त्या दस्तऐवजात औषधांच्या चार याद्या होत्या. साधी औषधे कोणत्याही माध्यमातून सुचवता येत होती. काही औषधे पहिल्याच व्हिडिओ भेटीत लिहून देता येत होती, तर काही केवळ आधीपासून चालू असलेल्या उपचारांना जोडून देता येत होती. चौथी यादी निषिद्ध औषधांची होती. औषधे व प्रसाधने नियमांच्या ‘एक्स’ परिशिष्टातील औषधे आणि १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात, म्हणजेच एनडीपीएस कायद्यात, नोंदलेले कोणतेही द्रव्य दूरस्थ सल्ल्यातून लिहून देण्यास तिने मनाई केली.

वरवर पाहता ही मनाई रास्त होती. फोनवरून मॉर्फिन मिळू लागले तर अनर्थ होईल, हे कोणालाही पटावे. परंतु त्याच यादीत ब्यूप्रेनॉर्फिन नावाचे एक औषधही अडकले. हेरॉइन, अफू किंवा वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनात सापडलेल्या माणसाला स्थिर आयुष्याकडे आणण्यासाठी जगभर जी थोडी औषधे प्रभावी ठरली आहेत, त्यांपैकी हे एक प्रमुख औषध. टाळेबंदीत बस बंद होत्या, रस्ते बंद होते आणि ज्या रुग्णाला रोज सकाळी केंद्रावर जाऊन परिचारिकेसमोर गोळी जिभेखाली विरघळवावी लागे, त्याच्यापुढे प्रश्न उभा राहिला. डॉक्टरचा आवाज आता घरापर्यंत येऊ शकत होता. गोळी येऊ शकत नव्हती.

हा पेच एका दिवसात निर्माण झाला नव्हता. त्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास उभा आहे.

अफू ही भारतात कधीच केवळ रानातील वनस्पती नव्हती. ती राज्यकारभाराची बाब होती. ईस्ट इंडिया कंपनीने बंगाल-बिहारच्या अफूवर मक्तेदारी बसवली. गाझीपूरचा सरकारी कारखाना १८२०च्या काळापासूनचा. चीनकडे जाणाऱ्या पेट्यांवर साम्राज्याच्या महसुलाचा मोठा भाग अवलंबून होता. १८५७ आणि १८७८च्या कायद्यांनी लागवड, साठा आणि विक्री सरकारच्या हाती बांधली. इंग्लंडमधील विरोधकांच्या दबावामुळे १८९३मध्ये राजकीय चौकशी आयोग नेमला गेला. १८९५च्या अहवालात त्याने निष्कर्ष काढला, की भारतात अफूवर सरसकट बंदी घालण्याची गरज नाही. त्या काळी अफू खाणारा माणूस सरकारच्या लेखी रुग्ण नव्हता आणि गुन्हेगारही नव्हता. तो परवानाधारक दुकानाचा गिऱ्हाईक होता.

स्वातंत्र्यानंतर दृष्टी बदलली. औषधी आणि वैज्ञानिक उपयोग सोडून अफूचा इतर वापर टप्प्याटप्प्याने संपवावा, असे १९४९मध्ये ठरले आणि त्यासाठी दहा वर्षांची मुदत आखली गेली. १९५९नंतर जुन्या सवयीच्या माणसांची नावे नोंदवहीत घालून त्यांना ठरावीक मात्रा देण्याची पद्धत काही काळ उरली. या नोंदवहीचे वैद्यकीय महत्त्व तेव्हा फारसे कोणाच्या लक्षात आले नसावे. ज्याचे शरीर एखाद्या द्रव्यावर अवलंबून झाले आहे, त्याला ते एकाएकी नाकारण्याऐवजी मोजून, देखरेखीखाली द्यावे, हा विचार त्या नोंदवहीत अस्पष्ट रूपाने होता. न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वांडर या दोन डॉक्टरांनी १९६५मध्ये मेथाडोनच्या साहाय्याने हेरॉइनच्या व्यसनावर उपचार करता येतात असे मांडले, तेव्हा हाच विचार आधुनिक वैद्यकाच्या भाषेत आला.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्र झपाट्याने पालटले. इराण आणि अफगाणिस्तानातील उलथापालथीनंतर हेरॉइनच्या तस्करीचे मार्ग भारतातून जाऊ लागले आणि ‘ब्राऊन शुगर’ महानगरांच्या गल्ल्यांत पोहोचली. महाराष्ट्रात तिला ‘गर्द’ हे नाव मिळाले. अनिल अवचटांच्या लेखनाने त्या विळख्याकडे मराठी वाचकांचे लक्ष वेधले आणि १९८६मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने ‘मुक्तांगण’ उभे राहिले. त्याच सुमारास संसदेने एनडीपीएस कायदा संमत केला. तो १४ नोव्हेंबर १९८५पासून अमलात आला. त्याच्या मूळ रूपात शिक्षा अत्यंत कठोर होत्या आणि बऱ्याच गुन्ह्यांना किमान दहा वर्षांचा कारावास होता. जप्त मालाच्या प्रमाणानुसार शिक्षेची श्रेणी ठरवण्याची तरतूद २००१च्या दुरुस्तीने आली.

या कायद्यात रुग्णाला जागा नव्हती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनाधीन व्यक्तीला काही प्रकरणांत खटल्यापासून संरक्षण देणारे कलम ६४-अ त्यात पुढे आले. सरकारने उपचारकेंद्रे स्थापावीत अशी तरतूदही आहे. २०१४च्या दुरुस्तीने अत्यावश्यक मादक औषधांची स्वतंत्र कोटी निर्माण केली आणि पुढे मेथाडोनचा समावेश तिच्यात झाला. तरीही कायद्याचा मुख्य सूर संशयाचा राहिला. औषध म्हणून वापरले जाणारे द्रव्य आणि तस्करीचे द्रव्य एकाच ग्रंथाच्या परिशिष्टांत शेजारी बसले. ब्यूप्रेनॉर्फिन त्या परिशिष्टात मनःप्रभावी पदार्थ म्हणून नोंदलेले आहे.

या औषधाचा जन्म १९६०च्या दशकात इंग्लंडमधील हल येथील प्रयोगशाळेत, जॉन लुईस यांच्या गटाच्या संशोधनातून झाला. अफूतील थीबेन या घटकापासून ते तयार केले जाते. १९७८मध्ये अमेरिकेतील डोनाल्ड जसिन्स्की आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की व्यसनोपचारासाठी त्याचा उपयोग होऊ शकतो. त्याचे वैशिष्ट्य मेंदूतील म्यू रिसेप्टरशी असलेल्या नात्यात आहे. हेरॉइन शरीरात गेल्यावर त्याचे रूपांतर ज्या मॉर्फिनमध्ये होते, ते या रिसेप्टरला पूर्णपणे चालना देते. ब्यूप्रेनॉर्फिन त्याला अंशतःच चालना देते, मात्र त्याला घट्ट धरून ठेवते. परिणामी तलफ आणि विड्रॉवलचा त्रास शमतो, नशेची उसळी फारशी येत नाही आणि वर हेरॉइन घेतले तरी त्याचा प्रभाव बोथट होतो. मात्रा वाढवत नेली तरी एका मर्यादेनंतर श्वसनावरचा परिणाम फारसा वाढत नाही. अतिमात्रेने होणाऱ्या बहुतेक मृत्यूंचे कारण श्वास मंदावत थांबणे हेच असल्यामुळे हा गुणधर्म जीवरक्षक ठरतो.

या औषधाच्या व्यापक वापराचा सर्वांत बोलका दाखला फ्रान्सचा आहे. १९९६पासून तेथे सामान्य कुटुंबवैद्यांना ब्यूप्रेनॉर्फिन लिहून देण्याची मुभा मिळाली. १९९५ ते १९९९ या काळात तेथील हेरॉइनच्या अतिमात्रेचे मृत्यू सुमारे ७९ टक्क्यांनी घटले. उपचार तज्ज्ञांच्या मोजक्या केंद्रांतून नेहमीच्या दवाखान्यात आला की काय होऊ शकते, हे त्या आकड्यांतून दिसले.

भारतात या औषधाची वाटचाल अधिक सावध होती. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने, म्हणजे दिल्लीच्या ‘एम्स’ने, १९८८मध्ये व्यसनोपचाराचे स्वतंत्र केंद्र सुरू केले, पुढे ते गाझियाबादला गेले आणि राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्र म्हणून ओळखले जाऊ लागले. १९९०च्या दशकात तेथे ब्यूप्रेनॉर्फिनवर काम झाले. त्याच दशकात या औषधाची काळी बाजूही उत्तर भारताने पाहिली. वेदनाशामक म्हणून मिळणारे ब्यूप्रेनॉर्फिनचे इंजेक्शन इतर औषधांत मिसळून नशेसाठी शिरेत टोचले जाऊ लागले. या अनुभवाची छाया पुढील प्रत्येक नियमावर पडली. व्यसनोपचारासाठीची गोळी नेहमीच्या औषधदुकानांतून नव्हे, तर मान्यताप्राप्त केंद्रांतूनच मिळावी, हा दंडक त्याच भीतीतून आला.

मात्र भीती दुसऱ्या दिशेनेही येत होती. मणिपूरमध्ये १९८९च्या अखेरपासून अवघ्या काही महिन्यांत, सुईने नशा करणाऱ्यांमधील एचआयव्हीचे प्रमाण शून्याजवळून सुमारे निम्म्यावर पोहोचले. सामायिक सुईमुळे विषाणूला मोकळी वाट मिळाली होती. गोळीवर स्थिर झालेला माणूस सुई सोडतो, हे ध्यानात घेऊन राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने, म्हणजेच ‘नाको’ने, आपल्या तिसऱ्या टप्प्याच्या कार्यक्रमात २००८च्या सुमारास ब्यूप्रेनॉर्फिनचा समावेश केला. म्हणजे भारतात हे औषध सरकारी पातळीवर पसरले ते मुख्यतः एचआयव्ही रोखण्यासाठी. व्यसन हा स्वतंत्र आजार आहे या जाणिवेतून नव्हे. त्याची रचनाही तशीच झाली. रुग्णाने रोज केंद्रावर यावे, गोळी समोर घ्यावी आणि परत जावे.

रोज येणे ही अट कागदावर एका ओळीची आहे. डोंगरातील गावातून, दिवसाची मजुरी बुडवून, बसचे भाडे देऊन, ओळखीच्या नजरा चुकवत येणाऱ्यासाठी ती उपचाराइतकीच मोठी गोष्ट होते. स्त्रियांसाठी तर ती बहुधा अशक्यच असते. पंजाबने ऑक्टोबर २०१७मध्ये बाह्यरुग्ण उपचारकेंद्रांचे जाळे उभारायला सुरुवात केली, ती या अंतराची जाणीव ठेवूनच.

अंतर किती मोठे होते, याचा हिशेब २०१९मध्ये देशासमोर आला. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सच्या केंद्राने केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात २ लाखांहून अधिक घरे आणि ४ लाख ७३ हजारांहून अधिक व्यक्ती सामावल्या होत्या. त्यानुसार देशातील २.१ टक्के लोक, म्हणजे सुमारे २ कोटी २६ लाख माणसे, ओपिऑइड गटातील द्रव्ये घेत होती. या गटात अफू आणि डोड्याबरोबर हेरॉइन व नशेसाठी घेतलेली वेदनाशामके येतात. सुमारे ७७ लाख लोकांचा वापर अपायकारक किंवा अवलंबित्वाच्या पातळीला गेला होता. प्रमाणाने पाहता सिक्कीम, अरुणाचल प्रदेश, नागालँड, मणिपूर आणि मिझोराम ही राज्ये सर्वांत पुढे होती. संख्येने पाहता उत्तर प्रदेश, पंजाब, हरियाणा, दिल्ली, महाराष्ट्र, राजस्थान, आंध्र प्रदेश आणि गुजरात या आठांत निम्म्याहून अधिक रुग्ण होते. अवैध अमली पदार्थांवर अवलंबून असलेल्या २० जणांपैकी केवळ एकालाच कधी रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळाले होते.

एकीकडे ही दरी वाढत असताना दुसरीकडे अंतर मिटवण्याचे तंत्र भारतात वीस वर्षे आकार घेत होते. २०००मध्ये आंध्र प्रदेशातील अरगोंडा या खेड्यातील रुग्णालय चेन्नईतील तज्ज्ञांशी जोडले गेले. २००१पासून इस्रोने उपग्रहाच्या साहाय्याने दूरच्या रुग्णालयांना मोठ्या शहरांशी जोडण्याचे प्रयोग हाती घेतले. मनोविकारशास्त्राला हे माध्यम विशेष सोयीचे होते, कारण तेथे तपासणीचा मोठा भाग संवादाचा असतो. चेन्नईच्या ‘स्कार्फ’ संस्थेने तमिळनाडूच्या पुदुकोट्टई भागात बसमधून टेलिमानसोपचार पोहोचवला.

आणखी एक कल्पना भारतात आली ती अमेरिकामार्गे. न्यू मेक्सिको विद्यापीठातील भारतीय वंशाचे यकृततज्ज्ञ डॉ. संजीव अरोरा यांनी २००३मध्ये ‘प्रोजेक्ट इको’ सुरू केला. त्यांच्याकडे हिपॅटायटिस-सीच्या रुग्णांची रांग मोठी होती आणि वाळवंटी राज्यातील अंतरेही मोठी होती. त्यांनी रुग्णांना शहरात आणण्याऐवजी खेड्यातील डॉक्टरांना दर आठवड्याला व्हिडिओवर एकत्र बसवले आणि खऱ्या रुग्णांच्या चर्चेतून तज्ज्ञता खाली झिरपवली. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या ग्रामीण डॉक्टरांचे उपचार विद्यापीठाच्या तोडीचे ठरले. हीच पद्धत तेथे व्यसनोपचारासाठीही वापरली गेली. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ने ती स्वीकारून छत्तीसगडच्या दुर्गम जिल्ह्यांतील समुपदेशकांना मानसिक आरोग्य आणि व्यसनोपचाराचे दूरस्थ प्रशिक्षण दिले. या प्रकारात गोळी दूरवर जात नाही. गोळी देणाऱ्याचे ज्ञान दूरवर जाते. म्हणूनच कायद्याचा अडथळा तिला लागत नाही.

रुग्णाशी थेट फोनवर बोलण्याबाबत मात्र डॉक्टरांच्या मनात धास्ती होती. २०१८मध्ये रत्नागिरीतील एका प्रकरणात, डॉक्टर गावाबाहेर असताना फोनवरील सूचनांनुसार औषधे दिलेल्या प्रसूत स्त्रीचा मृत्यू झाला आणि मुंबई उच्च न्यायालयाने संबंधित डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. फोनवर सल्ला देणे हाच गुन्हा ठरेल का, अशी चर्चा देशभरच्या वैद्यकवर्तुळात सुरू झाली. २०२०च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ही संदिग्धता संपवली, म्हणून डॉक्टरांनी त्यांचे स्वागत केले. निषिद्ध यादीतील एका गोळीकडे त्या गडबडीत व्यसनोपचाराच्या वर्तुळाबाहेर फार थोड्यांचे लक्ष गेले.

याच ठिकाणी दोन देशांच्या वाटा वेगळ्या झाल्या. अमेरिकेतील नियम मुळात भारताहून सैल नव्हते. कॅलिफोर्नियातील रायन हेट हा १८ वर्षांचा मुलगा २००१मध्ये इंटरनेटवरून मिळवलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी दगावला. औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरने त्याला कधी पाहिलेही नव्हते. त्याच्या नावाने २००८मध्ये झालेल्या कायद्याने नियंत्रित औषध लिहून देण्यापूर्वी किमान एक प्रत्यक्ष भेट बंधनकारक केली. परंतु त्याच कायद्यात सार्वजनिक आरोग्य आणीबाणीसाठी अपवाद होता. ३१ मार्च २०२० रोजी, म्हणजे भारतीय मार्गदर्शक तत्त्वांनंतर सहाच दिवसांनी, अमेरिकेच्या अमली पदार्थ नियंत्रण यंत्रणेने त्या अपवादाचा आधार घेऊन केवळ फोनवरील तपासणीनंतरही ब्यूप्रेनॉर्फिन सुरू करण्यास मुभा दिली. मेथाडोन नव्याने सुरू करण्यासाठी ही मुभा नव्हती. एकाच आठवड्यात, एकाच महामारीत, एकाच रेणूबद्दल दोन लोकशाही देशांनी परस्परविरुद्ध निर्णय घेतले.

या विरोधाला परिस्थितीची बाजू आहे. अमेरिकेत २०२०मध्ये अमली पदार्थांच्या अतिमात्रेने ९० हजारांहून अधिक माणसे मेली. तेथे उपचार न देण्याची किंमत रोज मोजली जात होती. भारतात अशा मृत्यूंची विश्वासार्ह नोंद फारशी होत नाही आणि जी हानी मोजली जात नाही ती धोरणात दिसत नाही. शिवाय संपूर्ण देशासाठी नवे दार उघडताना नियमकर्त्यांना सरसकट मनाई सोपी आणि निर्धोक वाटणे स्वाभाविक होते.

फोनवरून ब्यूप्रेनॉर्फिन सुरू करणे वैद्यकीयदृष्ट्या सोपे आहे का, हा प्रश्नही प्रामाणिकपणे पाहावा लागतो. रुग्णाच्या शरीरात हेरॉइनचा अंमल असतानाच ही गोळी घेतली, तर ती रिसेप्टरवरील हेरॉइनला एकदम बाजूला सारते आणि तीव्र विड्रॉवल उद्भवते. म्हणून लक्षणे पुरेशी दिसू लागेपर्यंत थांबावे लागते. त्यांची तीव्रता मोजण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रचलित मापनपद्धतीत ११ बाबी आहेत. जांभया, नाक वाहणे, घाम, बेचैनी, हातांचा कंप, चिंता या गोष्टी पडद्यावर दिसतात किंवा रुग्ण सांगू शकतो. बाहुल्यांचा आकार, अंगावरचा काटा आणि नाडीचे ठोके यांसाठी प्रत्यक्ष उपस्थिती बरी. तरी नाडी रुग्णाला स्वतः मोजता येते. घरीच उपचार सुरू करण्याचा अनुभव अनेक देशांत महामारीपूर्वीही होता. अडचण खरी आहे, पण अलंघ्य नाही.

अमेरिकेत त्या मुभेचे काय झाले, याचे मोजमाप पुढे झाले. मेडिकेअर या सरकारी विमा योजनेतील रुग्णांचा अभ्यास २०२२ आणि २०२३मध्ये ‘जामा सायकिअॅट्री’ या नियतकालिकात आला. महामारीच्या काळात दूरस्थ सेवा मिळालेले रुग्ण उपचारांत अधिक टिकले. त्यांच्यात अतिमात्रेने मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ३३ टक्क्यांनी कमी आढळली. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे. ज्यांना फोन आणि स्थैर्य उपलब्ध होते त्यांनाच ही सेवा अधिक मिळाली असण्याची शक्यता उरते. तरीही, मुभा दिल्यावर मृत्यू वाढतील ही भीती खरी ठरली नाही, एवढे त्यातून दिसते. २०२२च्या अखेरीस तेथे ब्यूप्रेनॉर्फिन लिहून देण्यासाठी डॉक्टरांना लागणारी विशेष परवानगीही रद्द झाली.

भारतात टाळेबंदीने दुसऱ्या वाटेने बदल घडवला. नाकोने स्थिर रुग्णांना काही दिवसांच्या गोळ्या घरी नेऊ देण्याची सूट दिली. पंजाबनेही घरी नेण्याच्या गोळ्यांची मुदत वाढवली. चंडीगडच्या ‘पीजीआयएमईआर’ संस्थेच्या व्यसनोपचार केंद्राने पायरीपायरीची पद्धत आखली : आधी फोनवर नोंदणी आणि सल्ला, आवश्यक वाटल्यास प्रत्यक्ष भेट. म्हणजे गर्दी टळली आणि ज्याला गोळीची गरज आहे त्याच्यासाठी केंद्राचे दार उघडे राहिले. वर्षानुवर्षे धोकादायक मानलेली गोष्ट, रुग्णाच्या हाती काही दिवसांची औषधे देणे, गरजेपोटी काही आठवड्यांत नेहमीची झाली. एनडीपीएसच्या कक्षेत न येणारे नाल्ट्रेक्सोन फोनवरील सल्ल्यातून चालू ठेवण्यास ही मनाई आड येत नव्हती. परंतु ते सुरू करण्यापूर्वी शरीर अफूजन्य द्रव्यांपासून पूर्ण मुक्त असावे लागते आणि बहुतेक रुग्णांना नेमकी तीच पायरी सर्वांत कठीण जाते.

त्यानंतरची वर्षे दूरस्थ आरोग्यसेवेच्या विस्ताराची आहेत. मोहालीच्या ‘सी-डॅक’ने घडवलेली ‘ई-संजीवनी’ सेवा २०१९मध्ये डॉक्टर ते डॉक्टर या रूपात सुरू झाली होती. एप्रिल २०२०पासून रुग्ण थेट डॉक्टरशी बोलू लागला आणि २०२३च्या सुरुवातीपर्यंत तिच्यावरील सल्ल्यांची संख्या १० कोटींवर गेली. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ने १४४१६ हा क्रमांक दिला आणि २० भाषांत मानसिक आरोग्याचा सल्ला उपलब्ध केला. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. ज्याला केंद्राच्या दारात उभे राहण्याची लाज वाटते, त्याचे पहिले वाक्य आता अनोळखी कानाला सांगता येते. व्यसनोपचारात त्या पहिल्या वाक्याचे मोल फार मोठे असते.

फोन सर्वांना सारखा उपलब्ध नाही, हेही खरे. अनेक घरांत एकच मोबाइल असतो आणि तो ज्याच्या हाती असतो त्याच्यापासूनच काही लपवायचे असते. डोंगरात नेटवर्क नसते, पदपथावर राहणाऱ्याकडे चार्जिंगची सोय नसते. दूरस्थ सेवा प्रत्यक्ष केंद्राची जागा घेईल, ही अपेक्षा इतिहासाला धरून नाही. फ्रान्समध्ये उपयोग झाला तो जवळच्या कुटुंबवैद्याचा. छत्तीसगडमध्ये झाला तो स्थानिक समुपदेशकाचा. तंत्रज्ञान तेव्हाच फळते, जेव्हा त्याच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी माणूस उभा असतो.

म्हणून पुढचा मार्ग बहुधा सरसकट बंदी आणि सरसकट मुभा यांच्या मधला असेल. प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्ण आणि तेथील डॉक्टर एकत्र बसलेले असावेत, व्यसनोपचारतज्ज्ञ पडद्यावर असावा, पहिली मात्रा तेथेच परिचारिकेच्या नजरेखाली दिली जावी, पुढील भेटी फोनवर व्हाव्यात आणि गोळ्या मोजून, नोंद करून जवळच्याच केंद्रातून मिळाव्यात. यात रायन हेटच्या मृत्यूचा धडा आहे आणि उत्तर भारतातील इंजेक्शनच्या गैरवापराचाही. आणि ७७ लाखांच्या आकड्याचेही भान आहे. यासाठी लागणारे जवळजवळ सर्व सुटे भाग देशात आज अस्तित्वात आहेत. त्यांना जोडणारा नियम तेवढा घडवायचा आहे.

अफू खाणारा माणूस दीडशे वर्षांत गिऱ्हाईक झाला, मग नोंदवहीतील नाव झाला, मग आरोपी झाला आणि अखेर कायद्याच्या काही कलमांत रुग्ण झाला. प्रत्येक बदलाबरोबर त्याच्यातील आणि औषधातील अंतर वेगळ्या प्रकारे मोजले गेले. आधी ते पैशाचे होते, नंतर परवान्याचे, नंतर तुरुंगाच्या भिंतीचे. आज त्यातील किलोमीटरचा भाग फोनने बराच कमी केला आहे, लाजेचा भागही काहीसा कमी केला आहे. उरला आहे तो १९८५च्या परिशिष्टातून २०२०च्या निषिद्ध यादीत जसाच्या तसा उतरलेला संशय. तो तपासून पाहण्याइतका अनुभव आणि पुरावा आता जमा झालेला आहे.